चार चांगले महिने आणि नोकरीचा राजीनामा

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत, व्हिडिओ करून मिळणाऱ्या पैशांवर घर चालवावं का, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज सगळी जागा यालाच देते. मी स्वतः सहा वर्षं चॅनेल चालवलं, त्यातली तीन वर्षं घरात येणारा मोठा पैसा तोच होता, म्हणून यातलं बरंचसं अंगावरून गेलेलं आहे. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही, काही तपशीलही थोडे बदललेत.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे, अकाउंट्सची नोकरी आहे, पगार ठीकठाक. दोन वर्षांपासून मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त कशा करायच्या याचे व्हिडिओ टाकतो. एक व्हिडिओ खूप चालला आणि गेले चार महिने चॅनेलचे पैसे पगारापेक्षा जास्त येतायत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एडिटिंग करतो, ऑफिसात झोप येते. बायको म्हणते थोडं थांबा, मित्र म्हणतात हीच वेळ आहे, परतीचे दोर कापून टाक, आत्ता नाही तर कधीच नाही. राजीनामा देऊ का?

उत्तर : अरे, सरळ सांगते, आत्ता नको देऊस. तुझी मेहनत कमी आहे किंवा चॅनेल चांगलं नाही असं अजिबात म्हणत नाहीये, दिवसभर ऑफिस आणि रात्री एडिटिंग म्हणजे काय ते मला माहितीये. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, 'एक व्हिडिओ खूप चालला'. हे चार महिने चॅनेलचे आहेत की त्या एका व्हिडिओचे, हे आधी बघ. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे चॅनेलचे आकडे दिसतात त्या पानावर जा, गेल्या बारा महिन्यांची कमाई महिन्यावार एका कागदावर लिही, मग प्रत्येक महिन्यातून त्या एका व्हिडिओचे पैसे वजा कर. उरेल तो तुझा धंदा. आणि सरासरी काढत बसू नकोस, त्या बारातला सगळ्यात वाईट महिना शोध, कारण भाडं आणि हप्ते सरासरी बघून येत नाहीत, वाईट महिन्यातही तेवढेच्या तेवढे येतात.

चार महिने कुठले ते तू लिहिलेलं नाहीस. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत कंपन्या जाहिरातींवर सगळ्यात जास्त खर्च करतात, जानेवारी उजाडला की तो हात आखडतो आणि तेवढ्याच व्ह्यूजना मिळणारे पैसे धाडकन खाली येतात. तुझे चार महिने त्या हंगामातले असतील तर तू चांगल्यातले चांगले महिने बघून अख्ख्या वर्षाचा हिशोब करतोयस. निदान एक जानेवारी-फेब्रुवारी बघितल्याशिवाय काहीच ठरवू नकोस.

आता मूळ गोष्ट. तुझी कमाई म्हणजे व्ह्यूज गुणिले दर. कुठला व्हिडिओ कुणाला किती दाखवायचा ते अल्गोरिदम, म्हणजे साइटची आपोआप निवड करणारी यंत्रणा ठरवते आणि दर जाहिरातदार ठरवतात, तुझ्या हातात फक्त व्हिडिओ चांगला करणं आहे आणि ते करूनही बाकीच्या दोन गोष्टी एका रात्रीत बदलू शकतात. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, हे झालेलं आहे, परत परत झालेलं आहे. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारस करताना क्लिकपेक्षा व्हिडिओ किती वेळ बघितला जातो त्याला महत्त्व द्यायला सुरुवात केली आणि छोट्या, क्लिक ओढणाऱ्या व्हिडिओंवर उभी असलेली चॅनेल्स घसरली. मार्च २०१७ मध्ये मोठमोठ्या ब्रँडच्या जाहिराती दहशतवादी आणि द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओंवर दिसतायत हे उघड झालं, कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, आणि फटका बसला तो ज्यांचा त्या व्हिडिओंशी काडीचा संबंध नव्हता अशा लोकांना. पुढच्याच महिन्यात नियम आला की १०,००० व्ह्यूज होईपर्यंत चॅनेलवर जाहिरात लागणार नाही, जानेवारी २०१८ मध्ये तोही बदलून १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं अशी अट आली आणि आधीपासून कमावणारी असंख्य छोटी चॅनेल्स त्या अटीत बसत नाहीत म्हणून बाहेर फेकली गेली. त्यांनी काही चूक केली होती का? नाही. पलीकडच्या माणसाने करार बदलला, आणि त्या कराराबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

माझंही तसंच झालं. कुठल्या साइटवर ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. तिसऱ्या वर्षी माझी निम्म्याहून जास्त कमाई पाच व्हिडिओंवर होती, आणि एका महिन्यात ते पाचही शिफारशीत दिसायचे बंद झाले, कमाई एक तृतीयांशावर आली. मी मेल लिहिले, छापील उत्तरं आली. तोपर्यंत मी काय केलं होतं तर चांगले महिने बघून हप्त्यावर कॅमेरा घेतला होता आणि एका मुलीला एडिटिंगला पगारावर ठेवलं होतं. त्या मुलीला 'पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस' सांगितलं तो दिवस मी विसरलेले नाही, तिनेही माझ्या भरवशावर आधीचं काम सोडलं होतं.

म्हणून मला वाटतं की यात साफ अपयशी होणारा माणूस फारसा अडचणीत येत नाही, तो सहा महिन्यांत कंटाळून सोडून देतो आणि पुढे जातो. अडकतो तो थोडंफार यश मिळालेला, कारण तो त्या यशाभोवती घर, कर्ज, लग्न, माणसं सगळं उभं करतो. तू आत्ता बरोबर त्या जागी आहेस.

मित्र म्हणतायत ना, परतीचे दोर कापून टाक म्हणजे जिद्दीने लढशील? ऐकायला छान आहे, पण इथे समोर शत्रू नाहीये, समोर एक यंत्रणा आहे आणि तिला तुझी जिद्द दिसत नाही. दोर राहू दे. मी तुझ्या जागी असते तर दुप्पट काम करण्याऐवजी चॅनेलच्या पैशातून एडिटिंग बाहेर द्यायला लागले असते, महिन्याला दोन व्हिडिओंपुरतंच, कायमचा माणूस न ठेवता, म्हणजे झोप तरी मिळेल. ऑफिसात कमी दिवस किंवा अर्धवेळ काम मिळतंय का ते विचार, पुष्कळ जण विचारतच नाहीत. चॅनेलचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, त्यातून घरखर्चाला एक रुपया काढू नकोस, टॅक्ससाठी आधीच भाग बाजूला काढ कारण पगारासारखा तो इथे आपोआप कापून भरून येईलच असं नाही. पैसे हातात येतात तेही उशिरा येतात, यूट्यूबवर एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघते आणि खात्यात १०० डॉलर जमले नसतील तर निघतच नाही. त्या वेगळ्या खात्यात सगळं घर आठ-नऊ महिने चालेल एवढी रक्कम साठली आणि त्या वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्याच्या कमाईतही घराचा महिना निघत असेल, तर मला परत लिही, तेव्हा कदाचित मीच सांगेन की दे राजीनामा. आणि बायकोला ॲनालिटिक्स दाखव, नुसतं तोंडी सांगू नकोस, तिला आकडे कळतील.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. गेमिंगचे व्हिडिओ करतो आणि आता कॉलेज सोडायचं म्हणतोय, म्हणे डिग्रीचा काही उपयोग नाही. चॅनेलवर सातशे सबस्क्रायबर आहेत. आम्ही दोघं रोज भांडतोय त्याच्याशी. काय करावं?

उत्तर : भांडण थांबवा आधी, कारण त्याने तो हट्टाला पेटेल. पैसे खोटे आहेत असं त्याला सांगू नका, खोटे नाहीयेत, यूट्यूबने स्वतः २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं होतं की मागच्या तीन वर्षांत क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्यांना मिळून ७,००० कोटी डॉलर दिले. प्रश्न त्याच्या वाटणीचा आहे. माथियास बेर्टल नावाच्या जर्मन संशोधकाने २०१८ मध्ये यूट्यूबच्या दहा वर्षांच्या आकड्यांचा अभ्यास छापला, त्यात सगळ्या व्ह्यूजपैकी साधारण ८५ टक्के व्ह्यूज फक्त ३ टक्के चॅनेल्सकडे जातात असं दिसलं. हे त्याच्याबरोबर बसून शांतपणे बोला, आणि त्यालाच विचारा की त्या तीन टक्क्यांत जायला किती वर्षं देणार आणि तोपर्यंत खर्च कोण करणार. कॉलेज चालू ठेवून आठवड्याचे काही तास चॅनेलला द्यायचे असं ठरवा आणि ते तास तुम्हीही पाळा, त्या वेळेत टोमणे नकोत. एडिटिंग, आवाज देणं, स्क्रिप्ट लिहिणं हे त्याला येत असेल तर त्या कामाला बाहेर मागणी आहे, चॅनेल चालो न चालो. सातशे सबस्क्रायबर जमवणंही सोपं नसतं हो, एकदा त्याचं कौतुक करून बघा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी सोडून लहान मुलांसाठी बाहुल्यांच्या गोष्टी करतो. आधी कमाई चांगली होती. गेल्या महिन्यात 'रीयूज्ड कंटेंट', म्हणजे आधीच कुठेतरी असलेलं परत वापरलं, असं कारण देऊन यूट्यूबने मॉनेटायझेशनच, म्हणजे व्हिडिओंचे पैसे मिळणंच, बंद केलं, बाहुल्या आम्ही स्वतः शिवतो, आवाज आमचे. अपील केलं ते फेटाळलं. घर पूर्ण यावरच आहे.

उत्तर : तुमचं पत्र वाचून पोटात खड्डा पडला. आधी जे लगेच करता येईल ते. अपील फेटाळल्यावरही ठरावीक मुदतीनंतर पुन्हा अर्ज करता येतो, मेल नीट वाचा, तारीख त्यात असते. तोपर्यंत चॅनेलवर बाहुल्या शिवताना, पडद्यामागे हात हलवताना, आवाज रेकॉर्ड करताना असे तुमचे चेहरे दिसणारे दोन-तीन व्हिडिओ टाका, कारण तपासणाऱ्याला चॅनेल उघडल्यावर काही सेकंदांत कळायला हवं की हे कुणीतरी स्वतः केलंय. तुमचेच जुने व्हिडिओ जोडून केलेले तासातासाचे संच असतील, मुलांच्या चॅनेलवर असतातच, ते काढा किंवा प्रायव्हेट करा, मला शंका आहे की गडबड तिथेच झालीये.

पण हे सुटलं तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. मुलांसाठीच्या व्हिडिओंवर सगळ्यात जास्त बंधनं आहेत आणि ती असायलाही हवीत. मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने अमेरिकेत १७ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं आणि जानेवारी २०२० पासून मुलांच्या व्हिडिओंवर बघणाऱ्याच्या आवडीनुसार जाहिराती लावणं बंद झालं, कमेंट बंद झाल्या, नवीन व्हिडिओची सूचना जाणं बंद झालं. अशा व्हिडिओंचा दर तेव्हापासून कमीच असतो. म्हणजे तुम्ही दोघांनी एका घराच्या दोन्ही मिळकती अशा फांदीवर ठेवलीयेत की जी आधीच बारीक आहे. तुमच्यापैकी एकाने आता काम शोधावं, मॉनेटायझेशन परत सुरू झालं तरीसुद्धा शोधावं. कुणी ते ठरवा आणि त्याला हार समजू नका, दुसऱ्याला निवांतपणे बाहुल्या शिवता येतील ते त्यामुळेच.

प्रश्न : मी वाद्य शिकवते. स्वतः वाजवलेले, कित्येक दशकं जुन्या रचनांचे व्हिडिओ टाकते, तरी त्यावर कॉपीराइट क्लेम येतो आणि पैसे दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीला जातात. चॅनेल बंद होईल का?

उत्तर : क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी तेवढी भीती कमी करा. क्लेम बहुतेक वेळा कंटेंट आयडी नावाचं यंत्र लावतं, २००७ पासून ते चालू आहे, ते आवाज जुळवून बघतं आणि तुमचं वाजवणं कुणाच्यातरी रेकॉर्डिंगशी जुळलं की त्या कंपनीकडे पैसे वळतात. त्याने चॅनेल जात नाही. स्ट्राइक, म्हणजे हक्क असलेल्याच्या मागणीवरून व्हिडिओच काढला जातो तेव्हा चॅनेलवर लागणारा ठपका, मात्र जड असतो, ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. तुमच्यासारख्या केसमध्ये डिस्प्यूट करा, म्हणजे क्लेमवर हरकत नोंदवा, आणि पाच दिवसांच्या आत करा, म्हणजे क्लेम लागल्या दिवसापासूनचे पैसे निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जातात, उशीर केला तर आधीचे गेले. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, नाही दिलं तर क्लेम सुटतो. एक गोष्ट मात्र खात्री करून घ्या, जुनी म्हणजे कॉपीराइट संपलेली असं आपोआप नसतं, रचनेचा हक्क कुणाकडे आहे ते बघा, रेकॉर्डिंग तुमचं असलं तरी रचना दुसऱ्याची असू शकते. मूळ रेकॉर्डिंगच्या फाइल्स, वाजवतानाचं न कापलेलं शूटिंग, सगळं जपून ठेवा.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की चॅनेल बघून शिकायला येणारे विद्यार्थी वाढलेत. मला वाटतं तुमचं चॅनेल दुकानावरची पाटी आहे आणि दुकान म्हणजे तुमचा क्लास, आणि हे फार चांगलं जमलंय तुम्हाला. पाटी वाऱ्याने पडली तर परत लावता येते. पैसे थोडे गेले तरी क्लासचा वेळ कमी करून चॅनेलला देऊ नका.

प्रश्न : एकाच ॲपवर राहू की सगळीकडे टाकू? मी फक्त छोटे व्हिडिओ करते. सगळे म्हणतात सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नको.

उत्तर : टाक सगळीकडे, पण त्याने तू सुरक्षित झालीस असं समजू नकोस. वाइन नावाचं सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं ॲप होतं, २०१३ मध्ये आलं, लोक त्यावर स्टार झाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मालक ट्विटरने ते बंद करतोय असं जाहीर करून टाकलं. टिकटॉकवर २९ जून २०२० ला भारतात बंदी आली, संध्याकाळी लाखो फॉलोअर असलेली माणसं काही दिवसांत शून्यावर आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतही ते काही तास बंद पडलं होतं. म्हणून दुसरीकडे हजेरी हवीच. पण बघ, तीन ॲपवर तोच व्हिडिओ टाकलास तर त्या तीन कमाया झाल्या का? तिन्ही जाहिरातीवरच चालतात, जाहिरातीचा बाजार बसला की तिन्ही एकदम बसतात. शिवाय छोट्या व्हिडिओंचा पैसा मुळातच पातळ असतो, यूट्यूब शॉर्ट्सच्या जाहिरातीतला हिस्सा मिळायला ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात किंवा मग लांब व्हिडिओंचे ४,००० तास, आणि मग तुझ्या नावावर येणाऱ्या रकमेतले ४५ टक्के तुझे, लांब व्हिडिओला ५५ आहेत. खरी दुसरी टोपली म्हणजे जिथे पैसे देणारा माणूसच वेगळा असतो, शिकवणी, कुणासाठी तरी एडिटिंग, स्वतः बनवलेली वस्तू. आणि तुझ्या बघणाऱ्यांचे ईमेल पत्ते, त्यांच्या परवानगीने, तुझ्याकडे असू देत, ॲप गेलं तरी यादी तुझ्याकडे राहते.

प्रश्न : स्पॉन्सरशिपचे मेल येतात त्यावर विश्वास ठेवावा का? एकाने काम करून घेतलं आणि पैसे दिले नाहीत.

उत्तर : अर्धे पैसे आधी, लेखी ठरवून, नाहीतर काम नाही. मधल्या एजन्सी आणि नेटवर्कबद्दल दुप्पट सावध राहा, तुमची कमाई आधी त्यांच्या खात्यात जाऊन मग तुमच्याकडे येणार असेल तर सही करू नका. डेफाय मीडिया नावाची अमेरिकेतली मोठी कंपनी नोव्हेंबर २०१८ मध्ये अचानक बंद पडली आणि तिच्या मार्फत ज्यांचे पैसे यायचे त्या क्रिएटर्सचे स्वतःचे कमावलेले पैसे अडकले.

आणि मेलमधली फाइल उघडू नका! करार म्हणून पीडीएफसारखी दिसणारी फाइल येते, उघडली की लॉगिनची कुकी, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय अशी कॉम्प्युटरवरची खूण, चोरली जाते आणि पासवर्ड, ओटीपी काही न लागता चॅनेल दुसऱ्याच्या हातात जातं. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे दीड कोटीहून जास्त सबस्क्रायबर असलेलं चॅनेल असंच गेलं होतं, तेही तंत्रज्ञानावरचं चॅनेल. त्यांना परत मिळालं. तुमच्यामाझ्यासाठी तेवढ्या लवकर कुणी धावून येईल यावर विसंबू नका, चॅनेलचं लॉगिन ज्या कॉम्प्युटरवर आहे त्यावर स्पॉन्सरचे मेल उघडायचेच नाहीत, आणि सगळ्या व्हिडिओंची एक कॉपी स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवायची.

प्रश्न : ताई, हे कुणाला सांगू शकले नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. आमचं घरगुती व्लॉगचं, म्हणजे घरातलं रोजचं आयुष्य दाखवणाऱ्या व्हिडिओंचं चॅनेल आहे, चार वर्षं झाली. मुलगी आठ वर्षांची आहे, व्हिडिओ तिच्यामुळेच चालतात, कमेंट सगळ्या तिच्यावरच असतात. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, आता तोच शूट करतो. गेल्या महिन्यापासून ती कॅमेरा दिसला की खोलीत जाऊन दार लावते. एकदा म्हणाली, आई आज माझा मूड नसला तरी चालेल का. मी तिला चॉकलेट देऊन बसवलं आणि रात्री रडले. तिच्याशिवायचे व्हिडिओ टाकले तर व्ह्यूज अर्ध्याहून खाली जातात. मी दोन वर्षांत एक आठवडा सुट्टी घेतलेली नाही, ताप असताना पण शूट केलंय. थांबलो तर सगळं जाईल ही भीती आहे.

उत्तर : तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हे पत्र मी चार दिवस बाजूला ठेवून परत परत वाचलं.

तुमच्या सुट्टीचं आधी बोलते, कारण ते सोपं आहे. दोन आठवडे थांबल्याने चॅनेल मरत नाही. यूट्यूबचा नियम आहे की सहा महिने किंवा जास्त काळ काहीच टाकलं नाही तर मॉनेटायझेशन काढून घेऊ शकतात, म्हणजे तुमच्याकडे आठवडे नाही, महिने आहेत. व्ह्यूज थोडे खाली जातील, जाऊ देत. टॉम स्कॉट नावाच्या ब्रिटिश क्रिएटरने दहा वर्षं दर आठवड्याला व्हिडिओ टाकला आणि १ जानेवारी २०२४ ला सांगून थांबला, चांगलं चाललेलं असताना थांबला. ज्याचं बस्तान एवढं बसलेलं आहे त्यालाही त्या आठवड्याच्या रहाटगाडग्यातून बाहेर पडावंसं वाटलं, मग तापात शूट करणाऱ्या तुम्ही थकलात यात तुमचा कसला दोष?

आता मुलीचं. ती जे म्हणाली ना, मूड नसला तरी चालेल का, ते वाक्य कामावर जाणाऱ्या माणसाचं आहे. घरात आठ वर्षांच्या मुलीला ते विचारावं लागलं म्हणजे तिला कळलंय की आपण नाही बसलो तर आईबाबांना पैसे मिळणार नाहीत. कुणीही तिला हे सांगितलेलं नसेल, मुलांना सांगावं लागत नाही. तुम्ही वाईट आई आहात असं मी म्हणत नाहीये, वाईट आई रात्री रडत नाही, पण तिने उत्तर दिलेलं आहे आणि ते मानायला हवं. जगात याकडे कायद्यानेही बघायला सुरुवात झालीये, फ्रान्सने २०२० मध्ये कायदा केला, त्यात मुलांच्या अशा कमाईचा भाग मुलांच्या नावावर राखून ठेवावा लागतो आणि मुलं स्वतः आपले व्हिडिओ काढून टाका म्हणू शकतात, अमेरिकेत इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून व्लॉगमधल्या मुलांचा पैशातला हिस्सा त्यांच्यासाठी बाजूला ठेवणं सक्तीचं झालं. तुम्ही राहता तिथे कायदा असो नसो, चार वर्षांच्या कमाईत तिचा वाटा आहे, तो तिच्या नावावर वेगळा काढा, थोडा थोडा का होईना, याच महिन्यापासून.

आणि धंदा म्हणून बघितलं तरी हे टिकणारं नव्हतंच. ती दहाची होईल, बाराची होईल, शाळेत मित्रमैत्रिणी जुने व्हिडिओ शोधून काढतील, तिने आज नाही तर दोन वर्षांनी दार लावलंच असतं. ज्या कमाईला मूल लहानच राहायला लागतं त्या कमाईवर तुमच्या यजमानांनी नोकरी सोडली, ही चूक दोघांची आहे आणि ती दोघांनी मिळून दुरुस्त करायचीये, सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नका. त्यांना नोकरी सोडून दोनच वर्षं झालीयेत, परत जायला फार उशीर झालेला नाही, आणि चार वर्षं शूट-एडिट केलेला माणूस दुसऱ्यांचं तेच काम पैसे घेऊन करू शकतो. हे पत्र त्यांना वाचायला द्या, तुम्हाला बोलणं जड जात असेल तर.

तिच्याशिवायचे व्हिडिओ अर्ध्याहून खाली जातात म्हणता ना, तर मग त्या खालच्या आकड्यावर घर चालेल का ते मांडून बघा, कारण तुमची स्वतःची कमाई ती आहे. या रविवारी कॅमेरा कपाटात ठेवा आणि तिच्या शेजारी बसून जुने व्हिडिओ एकेक करून बघा, तिला ज्यात लाज वाटते, ज्यात ती रडतेय, आजारी आहे, ते तिने बोट दाखवलं की प्रायव्हेट करा, त्यावर कितीही व्ह्यूज असू देत, आणि तिच्याशी घासाघीस करू नका. मग पुढच्या महिन्यात किती पैसे कमी आले तो आकडा, आणि तुमच्या घराचा खर्च, दोन्ही मला लिहून पाठवा. त्यातून कुठला हप्ता आधी संपवायचा आणि कुठला खर्च थांबवायचा ते आपण दोघी मिळून बघू.